पाण्यावरची ओसरी

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की डावीकडे जंजिरा दिसतो, समोर आगरदांडा, आणि उजवीकडे राजपुरीची खाडी डोंगरांमधून वळणं घेत आत जाते. रांगेतल्या गाड्यांमधले पर्यटक किल्ल्याचे फोटो काढत असतात. पण ज्याचं गावचं घर दिघी, म्हसळा नाहीतर श्रीवर्धनला आहे आणि नोकरी मुंबई-पुण्याला, त्याच्या मनात इथे हमखास एक विचार डोकावतो. आपली स्वतःची बोट असती तर? सुट्टीत सगळ्यांना घेऊन निघालो असतो. पोरं, आजी, जेवणाचे डबे, सगळं एका बोटीत.

हा विचार मोबाइलवर शोधायला गेलात की थोड्याच वेळात एक शब्द समोर येतो : डेक बोट. नवीची किंमत पाहून माणूस लगेच जुन्याकडे वळतो. जुन्या बोटींचे फोटो मात्र फार देखणे असतात. पांढरी गादी, निळं छत, चकचकीत स्टीलचे कठडे. हा लेख त्या फोटोंच्या खाली काय बघायचं, याबद्दल आहे.

डेक बोट म्हणजे काय?

हा मूळचा अमेरिकी प्रकार, तिथल्या तळ्यांसाठी आणि संथ नद्यांसाठी वाढलेला. साध्या बोटीची नाळ पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे पुढची चार-पाच फूट जागा बसायच्या कामाची राहत नाही. डेक बोटीत पाण्याखालचा भाग निमुळताच ठेवतात, पण वरचा भाग नाळेपर्यंत रुंद नेतात. त्यामुळे वर जवळजवळ आयताकृती मोकळी जागा मिळते. लांबी साधारण १८ ते २५ फूट, रुंदी साडेआठ फुटांच्या आसपास. कडेने बाकं, मधे पाय पसरायला जागा, मागे पाण्यात उतरायची शिडी आणि डोक्यावर कापडी छत.

थोडक्यात, ही पाण्यावरची ओसरी आहे. घराच्या ओसरीवर जशी आजी एका कोपऱ्यात, पोरं मधे आणि पाहुणे कठड्याला टेकून बसतात, तशीच व्यवस्था. कुटुंबाला ती लगेच आवडते ती यासाठीच. पण ओसरीची गंमत अंगणाच्या जिवावर असते. समोर अंगण असेल तर ओसरी सुखाची. समोर थेट उधाणलेला समुद्र असेल तर तीच ओसरी उघड्यावर पडते.

आपल्याकडे ‘डेक बोट’ या नावाने विक्रीला येणाऱ्या बोटी थोड्याच असतात. काही परदेशातून आलेल्या, काही वॉटर स्पोर्ट्सवाल्यांनी वापरून काढलेल्या, काही इथेच फायबरमध्ये बनवलेल्या आणि रुंद डेक असल्यामुळे तसं नाव मिळालेल्या. नाव काहीही असो, तपासायच्या गोष्टी त्याच राहतात.

आधी पाणी निवडा

बोट बघायला जाण्याआधी ती कुठल्या पाण्यात फिरणार, हे ठरवावं लागतं. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात डेक बोट अगदी आपल्या माहेरी असल्यासारखी वागेल. पाणी गोडं, भरती-ओहोटी नाही, लाट बेताची. दिघीत मात्र एकाच नजरेच्या टप्प्यात तीन वेगळी पाणी आहेत. आतली खाडी, जंजिऱ्याजवळचं खाडीचं मुख आणि त्यापलीकडचा उघडा समुद्र. पहिलं या बोटीचं अंगण, दुसरं उंबरठा, आणि तिसरं तिच्यासाठी नाहीच.

उंबरठ्यावर नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हे मतलई वारे. दिवस चढला, जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर ते चांगलेच जोर धरतात. आता खाडीतून ओहोटीचं पाणी पश्चिमेला बाहेर पडत असेल आणि समोरून वारा आत येत असेल, तर दोघांची टक्कर मुखाशी होते. प्रवाह लाटेला पुढे सरकू देत नाही, वारा तिला मागे हटू देत नाही. मग लाटा आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ एक अशा उठतात. लांबून पाहणाऱ्याला तिथे फक्त पांढरा फेस दिसतो. रुंद, बसक्या नाळेच्या बोटीला मात्र हाच फेस सगळ्यात नकोसा. एका लाटेवरून नाळ खाली आली की दुसरी लाट सरळ डेकवर चढते.

ही टक्कर कोणत्या दिवशी होणार, हे किनाऱ्यावरची माणसं घरच्या कॅलेंडरवरून सांगतात. त्यांचा हिशोब साधा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे काही मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं. पण दिवस ठरवायला हा हिशोब पुरतो.

आता याच हिशोबातून एक गोष्ट हाती लागते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. ही भरती दुपारच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे तिची ओहोटी नेमकी दुपारी, खाऱ्या वाऱ्यांच्या ऐन जोरात वाहते. पाणी सर्वांत जास्त, त्याची ओढ सर्वांत जास्त, आणि वारा समोरून. उलट अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार कमी, ओढ मंद, आणि दुपारी बारानंतर पाणी वाऱ्याच्या बरोबरीनेच आत येत असतं. म्हणून जंजिऱ्याच्या बाजूला जायचं तर सप्तमी ते दशमी हे दिवस बरे, तेही सकाळचे. आत खाडीत जायचं तर द्वितीया ते चतुर्थी बरी, कारण सकाळभर पाणी चढत असतं. चढत्या पाण्यात बोट चिखलावर टेकली तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत कांदळवनातल्या डासांची सोबत.

तळाचा आकार आणि बोटीची खोली

बोट किती लाट सोसेल हे मुख्यतः तिच्या तळाच्या आकारावर ठरतं. दोन्ही तळहात करंगळीला करंगळी लावून होडीसारखे धरा. हात मिटत आणलेत की मधला कोन अरुंद होतो. हा खोल तळ, लाट कापून जाणारा. हात उघडत नेलेत की तळ सपाट होतो. हा तळ शांत पाण्यात स्थिर राहतो, पण लाटेवर आपटतो. सपाट जमिनीपासून तळाची बाजू किती अंशांनी वर उचललेली आहे, ते मोजायची पद्धत आहे. उघड्या समुद्रासाठीच्या वेगवान बोटींमध्ये मागच्या टोकाला हा कोन २० ते २४ अंश असतो. डेक बोटींमध्ये तो बहुधा त्याहून बराच कमी, १२ ते १८ अंशांच्या दरम्यान सापडतो. तेव्हा विक्रेता ‘समुद्रातही मस्त चालते’ म्हणाला की आधी मागे जाऊन तळ बघावा. दिघीसाठी घ्यायची असेल तर १७-१८ अंशांकडे झुकणारी, कठड्यापर्यंत उंची जास्त असलेली आणि नाळ जरा वर उचललेली बोट शोधावी.

दुसरं माप म्हणजे बोट पाण्यात किती बुडते. उथळ बुडणाऱ्या बोटीची किंमत या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गलबतं खाडीत शिरत आणि इंग्रजांची खोल तळाची जहाजं बाहेर ताटकळत राहत, हा इतिहास याच किनाऱ्याचा. डेक बोटीचा तळ फूट-दीड फूटच बुडतो, पण इंजिन खाली सोडलं की पंखा अडीच-तीन फुटांवर असतो. बोटीची खरी खोली ही पंख्याची. खाडीत मांदाडच्या बाजूला आत जाताना हे लक्षात ठेवावं लागतं. जाळ्यांच्या खुणेचे तरंगते डबेही बघून चालावं लागतं, कारण पंख्यात जाळं गुंतलं की आपली फेरी आणि कुणाची तरी कमाई दोन्ही एकदम बुडतात.

कलिंगडासारखी वाजवून बघा

दोन वर्षांपूर्वी एक जुनी डेक बोट बघायला मी गेलो होतो. सोबत ओळखीचे एक म्हातारे नाखवा. बोट ट्रेलरवर, उन्हात चमकत होती. मी सवयीने वर चढून गाद्या दाबून बघायला लागलो. नाखवा खालीच थांबले, पालथे वाकले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने तळ ठोकत चालले. “भाऊ, वरून नका बघू,” ते म्हणाले. “गादी बाजारात मिळते. तळ नाही मिळत.”

कलिंगड घेताना आपण वाजवून बघतो, तसाच हा प्रकार. चांगल्या फायबरचा आवाज टणक आणि मोकळा येतो. आत लाकूड कुजलं असेल किंवा थर सुटले असतील तर आवाज भद्द होतो. फायबरची बोट म्हणजे सगळी फायबर, हा गैरसमज इथेच दूर होतो. अनेक जुन्या बोटींमध्ये डेकच्या खाली, तळाला बळ देणाऱ्या उभ्या पट्ट्यांमध्ये आणि इंजिन बसवतात त्या मागच्या पाटीत प्लायवूड किंवा लाकूड भरलेलं असतं, आणि वरून फायबरचं कवच. एखादा स्क्रू नीट बंद केलेला नसला की त्या भोकातून पाणी शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून रंग तसाच राहतो. वरून कीर्तन आतून तमाशा, तो हाच.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ती मागची पाटी. इंजिनाचं वजन आणि जोर दोन्ही तिच्यावर येतो. इंजिनाचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावा आणि दुसऱ्याने पाटीकडे बघत राहावं. पाटी लवली, कोपऱ्यात भेग उघडली, किंवा स्क्रूपाशी तपकिरी पाणी झिरपलं, तर किंमत कितीही उतरवली तरी बोट सोडून द्यावी. पाटी नव्याने बांधणं म्हणजे अर्धी बोट नव्याने बांधणं.

त्यानंतर डेकवर अनवाणी चालावं. पायाखाली कुठे स्पंजासारखं लागतं ते अनवाणी पावलालाच कळतं. तळावरच्या वरच्या गुळगुळीत थरावर बारीक फोड असतील तर ती बोट वर्षानुवर्षं पाण्यातच ठेवलेली असण्याची शक्यता. थोडे फोड दुरुस्त होतात, तळभर असतील तर तो खर्चाचा डोंगर. एखाद्या खिळ्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिथे कधीतरी जोराचा दणका बसला आहे, असं समजावं. आणि स्टीलच्या कठड्यांवर चहाच्या डागांसारखे डाग असतील, तर स्टील खाऱ्या पाण्याच्या प्रतीचं नाही किंवा बोट कधी धुतलीच गेली नाही. दोन्ही गोष्टी मालकाबद्दल काही सांगून जातात.

इंजिन : खारं पाणी काय करतं

डेक बोटींना दोन प्रकारची इंजिनं असतात. एक, मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड. दुसरं, इंजिन बोटीच्या पोटात आणि पंख्याचा पाय मागून बाहेर. दुसरा प्रकार दिसायला छान, मागची जागा मोकळी राहते. पण त्या पायाभोवती रबरी घड्या असतात आणि त्या फाटल्या तर पाणी थेट बोटीच्या पोटात येतं. शिवाय पाय कायम खाऱ्या पाण्यात. आउटबोर्ड मात्र काम झालं की पूर्ण वर उचलता येतं. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा यांची आउटबोर्ड इंजिनं ओळखणारे मेकॅनिक आपल्या किनाऱ्यावर सापडतात. दिघीसाठी जुनी बोट घेताना शंका असेल तर आउटबोर्डच बरं.

ही इंजिनं थंड राहतात ती बाहेरचंच पाणी आत ओढून. म्हणजे खारं पाणी इंजिनाच्या नळ्यांमधून फिरतं, आणि इंजिन बंद केल्यावर आत मीठ राहतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याचा पाइप लावून इंजिन धुणं हा इथला पहिला नियम. विक्रेत्याला विचारावं, ‘धुवायचा नळ कुठे आहे?’ तो पाच सेकंदांत दाखवू शकला नाही तर उत्तर मिळालं.

इंजिनाला जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे छोटे ठोकळे लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की कमजोर धातू झिजतो. हे ठोकळे मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे झीज त्यांची होते आणि इंजिन वाचतं. ठोकळे अर्धे झिजलेले असतील तर ते काम करत आहेत. पूर्ण गायब असतील तर मधल्या काळात इंजिनच झिजत होतं. बोट गोड्या तळ्यातून आली असेल तर तिला मॅग्नेशियमचे ठोकळे असू शकतात. ते खाऱ्या पाण्यात फार झपाट्याने संपतात, म्हणून पहिल्याच दिवशी बदलावेत. एरवी गोड्या पाण्यात वापरलेलं इंजिन मिळणं हे भाग्यच.

गिअरचं तेल थोडं काढून बघावं. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे. सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती आहे यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे पाहावं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. किती तास चाललं हेही विचारावं, पण कमी तास म्हणजे चांगलं इंजिन असं नाही. हौसेची बोट वर्षाला पन्नास ते शंभर तास चालते. दहा वर्षांत साठच तास चाललेलं इंजिन बहुतेक वेळ उभं राहून गंजलेलं असतं.

पाण्यातली वीस मिनिटं

चालवून बघितल्याशिवाय बोट घेऊ नये. आणि चालवण्याआधी इंजिनाला हात लावून बघावा. आधीच कोमट लागलं तर मालकाने सकाळी उठून ते गुपचूप सुरू करून ठेवलं आहे. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुर करतं, तेच तर बघायचं असतं.

त्या दिवशी आम्ही बोट पाण्यात सोडली. इंजिन लगेच सुरू झालं. मागून निघणारी पाण्याची बारीक धार सलग होती, म्हणजे थंड करणारा पंप ठीक. मोकळ्या पाण्यात पूर्ण वेगाने इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत गेलं, तेही ठीक. या प्रकारच्या बहुतेक इंजिनांनी पूर्ण वेगात पाच ते सहा हजारांच्या दरम्यान यावं लागतं. मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो होतो.

वीस मिनिटांनी किनाऱ्याला आलो. नाखव्यांनी मागचं झाकण उघडलं. सकाळी कोरड्या असलेल्या बोटीच्या पोटात तळहातभर पाणी होतं. मालक म्हणाला, “परवाच्या धुण्याचं असेल.” नाखव्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. चेहरा न बदलता बोट लुंगीला पुसलं आणि मला एकच शब्द म्हणाले, “खारट.”

गोडं असतं तर पावसाचं, दवाचं, धुण्याचं. खारट म्हणजे तळातून किंवा पाटीतून आलेलं. आम्ही बोट पुन्हा ट्रेलरवर चढवली आणि बाहेरून पाणी कुठून टपकतं ते बघितलं. पाटीवर शिडी बसवलेल्या दोन स्क्रूंमधून थेंब येत होते. दोन स्क्रू, पण त्यांच्या मागे किती लाकूड कुजलं असेल ते पाटी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

किती माणसं आणि कुठे बसवायची

डेकवर जागा खूप दिसते, हाच या बोटीचा धोका. वीस फुटांपर्यंतच्या साध्या बोटीसाठी एक ढोबळ हिशोब आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद बोटीत हा आकडा दहाच्या थोडा वर येतो. हाही शांत पाण्यातला, साधारण ६८ किलोच्या माणसाचा आकडा. त्यातून डबे, पाण्याचे पिंप, नांगर आणि पेट्रोल वजा करा. दिघीच्या खाडीसाठी आठ माणसं म्हणजे भरलेली बोट. दारात नववा पाहुणा उभा असेल तर त्याला पुढच्या फेरीला न्यावं.

गर्दीचा धोका नुसत्या वजनाचा नसतो. वजन हललं तर काय होतं, हे या किनाऱ्याला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पाणी शिरल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, हे त्या दुर्घटनेचं एक कारण सांगितलं जातं. छोट्या बोटीत असं व्हायला चार माणसं पुरतात. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे डावीकडे धावले, की झालं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, बाकाखाली नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जण गेले. बोटीवरच्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. मुलांसाठी मुलांच्या मापाचं जॅकेट घ्यावं. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खाली घसरतं.

पोरांना नाळेच्या कठड्यावर पाय सोडून बसायला फार आवडतं. हे एकदाही चालू देऊ नये. पुढून पडलेलं माणूस बोटीखालून जाऊन थेट पंख्यापाशी निघतं. आणि कोणी पाण्यात उतरणार असेल तर इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नव्हे. अडीअडचणीला तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा. मोबाइलची रेंज जाते, म्हणून निघताना घरी एकाला परतीची वेळ सांगून ठेवावी.

कागद

या किनाऱ्यावर बोटीच्या कागदांकडे कोणी काणाडोळा करत नाही, आणि त्याला कारण आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि स्फोटकं दिघी आणि शेखाडीला उतरली होती. अलीकडचं उदाहरण १८ ऑगस्ट २०२२ चं. हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ नावाची एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि राज्यभर सावधानतेचा इशारा गेला. तपासात कळलं ते असं : बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. वाटेत तिचं इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि रिकामी बोट वाहत आपल्याकडे आली. म्हणजे घातपात नव्हता, पण एका बिघडलेल्या इंजिनाने किती धावपळ केली!

म्हणून जुनी बोट घेताना विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी, मागचे तपासणी दाखले, इंजिनाचा क्रमांक आणि तळावर कोरलेला बोटीचा क्रमांक हे सगळं एकमेकांशी जुळवून बघावं. परदेशी बोट असेल तर आयात शुल्क भरल्याची पावती हवीच. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे, आणि महाराष्ट्राच्या बंदरांचं काम सागरी मंडळ पाहतं. दिघीची बाजू राजपुरी बंदर समूहात येते. आगाऊ रक्कम देण्याआधी बंदर अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ही बोट खासगी वापरासाठी तुमच्या नावावर होईल का आणि तिला कुठपर्यंत जायची परवानगी असेल, हे विचारून यावं. दिघी बंदरात मालवाहू जहाजं ये-जा करतात, शिवाय आगरदांड्याची फेरी असते. मोठं जहाज छोट्या बोटीसाठी थांबू शकत नाही. वाट आपणच द्यायची.

हत्ती घेणं आणि पोसणं

बोटीवर शंभर रुपये खर्च करायचे असतील तर खरेदीला सत्तरच द्यावेत. उरलेले तीस पहिल्याच वर्षी जॅकेटं, बॅटरी, पाणी उपसायचा पंप, नांगर, दोर, ट्रेलरची बेअरिंगं आणि ठोकळे घेऊन जातात. ट्रेलर विसरू नये. साडेआठ फूट म्हणजे २.५९ मीटर, आणि आपल्या रस्त्यावर वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर. कायद्यात बसते, पण माणगावहून म्हसळ्यामार्गे दिघीला येताना वळणावर समोरून एसटी आली की तो एक सेंटिमीटर आठवतो.

पेट्रोलचा अंदाज आधी घ्यावा. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे ३८ लिटर पितं, बेताच्या वेगात त्याच्या निम्म्याच्या आसपास. टाकीचे तीन भाग करावेत. एक जायला, एक यायला, एक नशिबाला.

जून ते ऑगस्ट बोट पाण्याबाहेर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पुरेसं पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं, टाकीच्या तळाशी बसतं आणि सप्टेंबरमध्ये इंजिन सुरूच होत नाही. म्हणून पावसाआधी टाकी रिकामी करावी. बोट शेडमध्ये, नाळ जरा वर ठेवून उभी करावी आणि तळाचं बूच काढून खिळ्याला टांगावं, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ते बूच लावायला विसरू नये. हसू नका. धक्क्यावर सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच आहे.

आधी एक हंगाम

ती खारट बोट आम्ही घेतली नाही, आणि पुढचीही नाही. परतताना नाखव्यांनी जे सुचवलं ते मला अजून कामाचं वाटतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर नोव्हेंबर ते मे या महिन्यांतले शनिवार-रविवार बघा. साधारण साठ दिवस भरतात. त्यातल्या ज्या दिवशी सप्तमी ते दशमी किंवा द्वितीया ते चतुर्थी येते, त्यांना गोल करा. निम्मे म्हणजे तीसच्या आसपास गोल होतात. त्यातून लग्नं, परीक्षा, आजारपण आणि इंजिनाचे रुसवे काढले की हाती उरतात दहा-पंधरा.

एक हंगाम त्या गोल केलेल्या दिवशी इथलीच परवानाधारक बोट तिच्या तांडेलासकट भाड्याने घ्यायची. चढत्या पाण्यावर खाडीत आत, मांदाडच्या दिशेने जायचं. ग्रीक खलाशांच्या जुन्या नोंदींतलं मंदगोरा बंदर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. जवळच कुड्याची लेणी डोंगरात आहेत, तीही याच खाडीच्या काठी. जेवण करून पाणी उतरायच्या आत परत. हंगाम संपल्यावर गोल मोजायचे. दहाच्या वर गोल खऱ्या फेऱ्यांनी भरले असतील, आणि घरातल्यांना अकरावी फेरी हवी असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोट बघायला निघायला हरकत नाही.

आमच्या कालनिर्णयावर पहिल्या हंगामात सात भरले. सातही वेळा आजी ओसरीवर बसावी तशी बाकाच्या कोपऱ्यात बसली होती, आणि बोट दुसऱ्याची आहे याची तिला एकदाही आठवण झाली नाही.